सोमवारची गोळी

"समजलं का?" हा प्रश्न मी वर्गात रोज निदान दहा वेळा विचारत आले. बावीस वर्षं. आणि बावीस वर्षं साठ गळ्यांतून एकच उत्तर येत गेलं, "होऽ मॅडम." त्या उत्तराच्या भरवशावर मी निर्धास्त घरी जायचे. मग याच प्रश्नापायी आमच्या कॉलेजातल्या मावशींच्या जिवावर बेतलं, आणि प्रश्न विचारणारी मीच होते.

कल्याणच्या बाहेर एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते. शिकवते म्हणजे, खरं सांगायचं तर, लिहून देते. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स सीनियरकडून ज्युनियरकडे वारशाने जातात. बाळकुमहून निघालेली बस कशेळीच्या पुलावर तासभर अडकली तरी मला काळजी नसते, कारण दिवसाचं अख्खं डिक्टेशन तोंडपाठ असतं. त्यामुळे नवे प्राचार्य कुठल्याशा प्रशिक्षणाहून परत आले आणि म्हणाले, "मॅडम, आता लेक्चर कमी आणि अ‍ॅक्टिव्ह लर्निंग जास्त. मुलांना करून शिकू द्या," तेव्हा मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. तोंडाने मात्र "हो सर" म्हटलं.

ठरलं असं की बाकं सरकवून वर्गातच मेडिकलचा काउंटर मांडायचा. एकाने फार्मासिस्ट व्हायचं, एकाने पेशंट, आणि औषध कसं घ्यायचं ते फार्मासिस्टने पेशंटला समजावायचं. पहिले दोन तास नुसता तमाशा झाला. एक पेशंट अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायला आला आणि टाळ्या मिळतात असं बघून काउंटरवरच मान टाकून मेला. बाकीचे पेशंट इतके हुशार, की फार्मासिस्ट अडखळला तर डोस तेच सांगायचे. असा पेशंट मी तरी ठाणे जिल्ह्यात पाहिलेला नाही.

तेव्हा मला सुचलं की खरा पेशंट आणावा. आणि समोर मावशी चहाचे कप गोळा करत होत्या.

मावशी जवळच्याच आगरी गावातल्या. पन्नाशीच्या पुढच्या. कॉलेजची झाडलोट करायच्या, चहा करायच्या, आणि बोटांचे सांधे सुजलेले असले तरी कुणाला कप उचलू द्यायच्या नाहीत. आदल्या आठवड्यात, गुरुवारी, त्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी घेऊन स्टाफरूममध्ये आल्या होत्या. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट. गुणाची गोळी, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी कमी होत जातात, माणूस जातोसुद्धा. हे वाक्य मी दरवर्षी मुलांना अधोरेखित करायला लावते. समोर पंचवीस जर्नल्स तपासायची पडली होती. त्यातून मान वर करून मी मावशींना सांगितलं, "फक्त सोमवारी एक. बाकीच्या दिवशी नाही." पट्टीवर मार्करने मोठ्या अक्षरांत 'सोमवार' लिहून दिलं आणि विचारलं, "समजलं का?"

"हो मॅडम," मावशी म्हणाल्या आणि गेल्या.

नंतरच्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या नजरेला पडली होती. उकळता चहा पिणारी ही बाई कप खिडकीत निवत ठेवायला लागली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "तोंड आलंय जरा." मी म्हटलं, "उष्णता असेल. पाणी जास्त प्या." फार्मसीची मास्तरीण मी, आणि असं बोलले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

शुक्रवारी मावशी काउंटरसमोरच्या बाकावर पदर सावरून बसल्या. खोटं खोटं नको म्हणून मी त्यांना स्वतःच्याच गोळ्या आणायला सांगितलं होतं. आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाने समजावलं. गोळी कशाची, कधी, किती, काय टाळायचं, सगळं बिनचूक. शेवटी अगदी माझ्याच सुरात विचारलं, "समजलं का मावशी?"

"हो."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी वहीत मार्क लिहायला घेतले, तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. हिच्या वडिलांचं वागळे इस्टेटला मेडिकल. हिला दर तासाला शंका, आणि "आधी लिहून घे, मग बोल," हे तिच्यासाठी माझं ठरलेलं उत्तर.

"मॅडम, मी मावशींना एक विचारू?"

"आता काय राहिलंय?"

"नाही म्हणजे, पप्पा म्हणतात, गिऱ्हाईक नुसतं 'हो' म्हणालं तर समजायचं की त्याला घरी जायची घाई आहे."

वर्ग हसला. मी हसले नाही, पण हात हलवून परवानगी दिली. ती काउंटरला वळसा घालून आली आणि मावशींच्या शेजारी बाकावर बसली.

"मावशी, घरी ही गोळी तुम्ही कशी घेता, ते मला सांगा ना."

"सकाली, चहासंगं."

"कोणत्या दिवशी?"

"रोज."

"पण याच्यावर सोमवार लिहिलंय."

"लिवलंय ना. मॅडमनी सांगितलंय पन. समजलं मला." मावशींनी सुजलेली बोटं मांडीवर पसरली. "पन पोरी, दुखतं तर रोज. मंग येक गोली आठवडाभर कशी पुरल? आता मॅडमना नाय कसं बोलायचं?"

मी त्यांच्या हातातून पट्टी घेतली. दहातल्या दोन गोळ्या उरल्या होत्या. 'सोमवार' हे माझं अक्षर अजून ठसठशीत होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. रिक्षात मावशी मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती मुलगी, पट्टी घट्ट धरून. "मला काय झालंय? चहाचं कोन बघंल?" असं मावशी विचारत होत्या. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि लगेच रक्त घ्यायला लावलं. पांढऱ्या पेशी खूप उतरल्या होत्या. त्या गोळीवर उतारा म्हणून असतं ते इंजेक्शन सुरू झालं. चार दिवस कुणी काही सांगेना. मावशींचा मुलगा कामावरून धावत आला आणि त्याने विचारलं, "मॅडम, असं कसं झालं?" मी त्याला सांगितलं, "मी त्यांना सांगितलं होतं, पण त्यांना काय वाटतं ते विचारलं नाही." तो आईच्या उशाशी जाऊन बसला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या चार दिवसांत मला फार भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

मावशी वाचल्या. महिन्याभराने कामावर आल्या तेव्हा मी म्हटलं, "मावशी, चूक माझी झाली."

"तुमची कसली? तुमी तर सांगितलेलं," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

डॉक्टरांनी आता त्यांना दुसरं औषध दिलं होतं. ते वर्गात समजवायचं ठरलं, आणि या वेळी काउंटरमागे मी उभी राहिले. मावशी स्वतःहून आल्या होत्या. मी सांगितलं, रोज दोन, जेवणानंतर, आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. सवयीने 'समजलं का' ओठांवर आलं होतं. ते गिळलं, काउंटरला वळसा घातला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी मुलांकडे पाहिलं, मग वागळे इस्टेटच्या त्या मुलीकडे. तिने मान डोलावली.

"समजलं, मॅडम," मावशी हळूच म्हणाल्या. "पन पटलं नाय."

बावीस वर्षांत असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"का नाही पटलं? सांगा," मी म्हटलं. "आम्हाला कुठेही जायची घाई नाही."