बोटभर काठ

आमच्या अलिबागचे शिंपी शालोमकाका शिवलेल्या ब्लाउजबरोबर उरलेले तुकडेही पुडीत बांधून परत देतात. काल मी म्हटलं, "राहू द्या काका, तुमच्या गोधडीला होतील."

ते हसले. "नको गं बाई. आज दिलेलं घेतलं, की उद्या न विचारता ठेवायची सवय लागते. लबाडीच्या कमाईला आमच्या हिब्रूत 'बेत्सा' म्हणतात. मूळ अर्थ, कापून घेतलेलं."

वाटेत पटत गेलं. लबाडीचं काही आभाळातून पडत नाही, ते कुणाच्या तरी वाट्यातून कापलेलं असतं.

घरी पुडी सोडली. आईच्या जांभळ्या साडीचे तुकडे. आई गेल्यावर धाकट्या बहिणीला न सांगता मी ती साडी कपाटातून आणली होती. "ती जांभळी कुठे गेली गं?" असं तिनं दोनदा विचारलं होतं.

काकांनी त्या साडीचा बोटभर काठसुद्धा ठेवून घेतला नव्हता.