हॉर्नचा नवस आणि बसलेली बॅटरी

आमच्या घरी ट्रक आला त्या वर्षी मी कोराडीच्या देवीला एक नवस बोलले होते. आमचे हे पहिल्यांदाच माल घेऊन जबलपूरला निघाले होते. मधे कुरईचा घाट, दोन्ही बाजूंनी जंगल. मी हात जोडून म्हटलं, “आई, हे ज्या दिवशी परत यायचे असतील, त्या दिवशी कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न ऐकू आल्याशिवाय मी अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. तू फक्त गाडी आण.”

देवीनं ऐकलं. दर फेरीला ऐकलं. पण तो हॉर्न बॅटरीवर वाजतो, हे मला कुठं माहीत होतं!

त्यानंतर त्या एका बॅटरीचे इतके किस्से आमच्या घरात साठले, की हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि कुणी नुसतं म्हटलं, “सांग ना वं, ते बॅटरीचं,” की निवडायला घेतलेले हरभरे तसेच राहतात. हसतात सगळ्या. मीही हसते. त्या दिवसांत मात्र मी कोपऱ्याकडे कान लावून बसायचे.

*

प्रताप नगरात तेव्हा घरं विरळ होती. आमच्या घरासमोरचा रस्ता थोडा उताराचा, आणि तेवढ्याचसाठी ह्यांना ते घर आवडलं होतं. बॅटरी म्हातारी झाली होती. गाडी सुरू करायला सेल्फ मारला की नुसतं “खर्र... खर्र...” मग काय, गाडी उतारावर लावायची, चाकाखाली दगड द्यायचे आणि सकाळी गल्लीनं धक्का मारायचा. दूधवाला धक्का मारायचा, पलीकडचे मास्तर इस्त्रीचं धोतर सावरत धक्का मारायचे. रविवारी गाडी उभी असली तर मास्तर विचारायचे, “आज व्यायाम नाही का?”

एकदा सकाळी चाकाखालचा दगड निसटला. गाडीत कुणी नाही, आणि ती आपली हळूहळू सरकायला लागली, थेट आमच्या ओट्याच्या दिशेनं! ओट्यावर सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. मी किंचाळले, “बाई, उठा! गाडी आली!”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं, चष्म्यातून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “येऊ दे! पाहून घेईन मी तिले!”

चाक ओट्याच्या पायरीला लागलं आणि गाडी थांबली. सासूबाईंनी पुन्हा सूप उचललं. मी मात्र देवापुढे जाऊन बसले, ती स्वयंपाकाची वेळ टळेपर्यंत.

*

बॅटरीत अधूनमधून डिस्टिल वॉटर घालावं लागतं. एकदा बाटली संपली. हे आंघोळीला जाता जाता म्हणाले, “नामदेव, शुद्ध पाणी पाहिजे गा, नळाचं चालत नाही.” नामदेव म्हणजे माझे धाकटे दीर. ते बाटली आणायला सायकल काढतात तोवर सासूबाईंनी देवघरातली गंगेची तांब्याची लोटी आणली, तिच्या तोंडाचं झाळलेलं झाकण फोडलं आणि सगळं पाणी बॅटरीच्या भोकांत वाटून टाकलं. वर हळदकुंकूही वाहिलं!

हे ओल्या डोक्यानं बाहेर आले. “माय, काय करून राहिली तू?”

“काहून? यापेक्षा शुद्ध पाणी तुह्या बाटलीत येते काय?”

आणि गंमत पहा, त्या दिवशी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली! नामदेव भावजींनी बॉनेटला नमस्कार केला. सासूबाई दोन दिवस गल्लीभर सांगत फिरल्या.

पुढच्या महिन्यात बॅटरी आधीपेक्षा जास्त बसली. गाडी दुरुस्त करणारा म्हणाला, असल्या पाण्यानं आतल्या शिशाच्या प्लेटा खराब होतात. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि ठणकावलं, “गंगेत काही खोट नाही. तुमची बॅटरीच पापी!”

*

मग ती चार्जिंगला दिली. चार्ज होऊन आली, पडवीत ठेवली. संध्याकाळ होत आली होती. भावजींना पाहायचं होतं, पाणी किती भरलंय ते. त्यांनी झाकणं काढली, वाकले. अंधुक दिसत होतं, म्हणून काडी ओढून अगदी भोकाजवळ धरली.

फट्!

चार्जिंगनं आत साठलेला गॅस भडकला आणि वर ठेवलेलं एक झाकण उडून छताच्या पत्र्यावर आपटलं. भावजी दोन्ही हातांनी डोळे धरून खाली बसले. बॅटरीतलं पाणी म्हणजे ॲसिड, त्याच्या थेंबांनी ह्यांच्या सदऱ्यांची चाळणी झालेली मी रोज पाहत होते. मला दुसरं काही सुचलं नाही. मी पाण्याचा माठ उचलला आणि सगळाच्या सगळा त्यांच्या तोंडावर ओतला. मग बादली. मग पुन्हा बादली. तोंडानं देवीचं नाव चालूच. “भावजी, उघडा डोळे! दिसतं का?”

अर्धी मिशी गेली होती. भुवई गेली होती. पण देवीची कृपा, डोळे हळूहळू उघडले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सावकाश म्हणाले, “वहिनी, आत पाणी भरपूर हाये बरं का!”

*

त्यानंतर मात्र मी हट्टच धरला. “नवी घ्या. घाटात असं काही झालं तर?” शेवटी एका शुक्रवारी हे तयार झाले. मीही सोबत गेले, सदर भागात, एका बॅटरीवाल्याच्या दुकानात.

दुकानदारानं तीन बॅटऱ्या समोर ठेवल्या. एक जुन्याच खोक्यात प्लेटा बदलून केलेली, एक इथंच जोडलेली आणि एक कंपनीची, कोरी. ह्यांचा नियम असा, की जड ती चांगली, कारण तिच्यात शिसं जास्त. म्हणून हे एकेक उचलून पाहायला लागले. मग वरून टिचक्याही मारल्या.

दुकानदार म्हणाला, “टरबूज हाये का भाऊ, वाजवून काय पाहून राहिले?”

मग प्लेटा किती, गॅरंटी किती, गाडीच्या कप्प्यात बसेल की नाही, हे सगळं बोलणं झालं. मी पदर सावरून मागे उभी होते. राहवेना, म्हणून विचारलं, “भाऊ, यातल्या कोणत्या बॅटरीवर हॉर्न नक्की वाजेल? समजा बाकी सगळं बंद पडलं, तरी?”

दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला. “बाई, लोक सेल्फसाठी बॅटरी घेतात, लाइटसाठी घेतात. हॉर्नसाठी घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच!”

हे कानापर्यंत लाल झाले. पण बाहेर येऊन म्हणाले, “कंपनीचीच घेऊ. उद्या येतो अन् घेऊन जातो.” मला इतकं हलकं वाटलं, की येताना मी देवीसाठी वेणी घेतली.

*

पण उद्या म्हणजे शनिवार!

सकाळीच निरोप आला, जबलपूरचा माल तयार आहे, आजच निघा. हे म्हणाले, “जाता जाता सदरहून बॅटरी बसवून घेतो.” सासूबाई दारात उभ्या राहिल्या. “शनिवारी लोखंड घरात घेत नसतात.”

नामदेव भावजी उरलेल्या मिशीवर हात फिरवत म्हणाले, “माय, ते लोखंड नाही ना, शिसं हाये.”

“अन् तिले धरून ठेवते ते पट्टी? ते काय चांदीची हाये?”

शनिवार मीही पाळते. ह्यांनी हसून सांगितलं, “एवढी फेरी जुनीवरच मारतो. गुरुवारी येतो, मग घेऊ.” गल्लीनं धक्का मारला. गाडी निघाली. कोपऱ्यावर ह्यांनी हॉर्न दिला, तो सर्दी झालेल्या माणसासारखा वाजला.

*

गुरुवारी मी सकाळपासून फक्त पाण्यावर होते. दुपार झाली, दिवेलागण झाली, हॉर्न नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “जेवून घे वं. हॉर्नची देवी कोणत्या पोथीत हाये? मी तं कुठी वाचली नाही.” मी नाही म्हटलं. त्या “तुह्या जिद्दीले काय म्हणावं!” म्हणत आत गेल्या.

शुक्रवार उजाडला. शेजारची शेवंताबाई येऊन बसली. तिचा नवराही दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यांच्या घरी बुद्धाची तसबीर, नवस वगैरे त्यांच्यात नाही. पण माझ्याजवळ बसून म्हणाली, “मी काही बोलत नाही देवाले. तुह्यासंगं कान देऊन बसतो फक्त.” दुपारी तिचा नवरा त्याच रस्त्यानं परतला. तो दारातूनच सांगून गेला, “वहिनी, भाऊची गाडी घाटात उभी दिसली. बॉनेट उघडं होतं. मले थांबता नाही आलं, मागून गाड्या होत्या.”

“अन् हे?”

“भाऊ... नाही दिसले, वहिनी.”

फोन कुणाकडे करायचा? घाटात कोण उचलणार! मी समईत तेल घालत राहिले. रस्त्यानं कुठलाही ट्रक गेला की शेवंताबाई माझा हात दाबायची, आणि ट्रक पुढे निघून जायचा. सासूबाई तिकडे भांडी घासत होत्या. घासलेलीच पुन्हा घासत होत्या.

शनिवारी ऊन डोक्यावर आलं असताना बाहेर इंजिनाचा आवाज आला. हॉर्न नाही. म्हणजे आपली नाही, असं म्हणून मी उठलेच नाही. आणि दारात हे उभे! दाढी वाढलेली, हात काळे. घाटाच्या चढावर इंजिन बंद पडलं, सेल्फ लागेना, धक्का मारायला माणूस नाही. पाण्याच्या शोधात हे खाली गेले होते, तेव्हाच शेवंताबाईचा नवरा तिथून गेला. शेवटी एकानं दोर बांधून गाडी ओढून सुरू करून दिली. दिवे नव्हते, म्हणून उजेड असेल तेवढाच वेळ चालवली. बॅटरी एका बाजूनं तडकली होती.

मी रडले. सगळेच रडले. सासूबाईंनी डोळे पुसले आणि ताट आणलं. “घे, आला तुहा नवरा. जेव आता.”

मी म्हटलं, “हॉर्न?”

हे धावत गाडीत चढले. हॉर्न दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. मग खाली उतरले, कोपऱ्यावर गेले, आणि भर दुपारी, अख्ख्या गल्लीसमोर, तोंडानं “पों... पों...” करत घरापर्यंत आले! मास्तर खिडकीत येऊन पाहत होते.

मला हसू आलं, रडूही आलं. पण मी म्हटलं, “अहो, मी गाडीचा बोलले होते. तुमचा नाही.”

ह्यांनी डोक्याला हात लावला आणि आईकडे पाहिलं. सासूबाई ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, “उभा काय राहिला? सदरले जाय. ते कंपनीची आण. कोरी!”

“माय, आज शनिवार हाये.”

“शनिवारले मी पाहून घेईन! तू जाय!”

नामदेव भावजी आणि हे सायकलरिक्षानं गेले, तिच्यातूनच बॅटरी घेऊन आले. बसवली, पट्टी आवळली. ह्यांनी गाडी धक्क्याशिवाय, नुसत्या सेल्फवर सुरू केली आणि मुद्दाम कोपऱ्यापर्यंत मागे नेली.

तिथून जो हॉर्न वाजला! शेवंताबाई ओरडली, “आला वं, आला!” जसा काही मला ऐकूच आला नव्हता.

मी ताटाला हात लावला. तेवढ्यात सासूबाई माझ्या शेजारी पाट ओढून बसल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, “मलेही वाढ वं. गुरुवारपासून काही पोटात नाही.”

तुमच्याही घरचं कुणी गाडीवर असेल, तर एवढं करा बाई. बॅटरी वेळेवर बदला, कोपऱ्यावर हॉर्न द्यायला सांगा, आणि तो ऐकू आला की एक नाही, दोन ताटं वाढा.