सुसाटची राहिलेली परीक्षा

मैदानावर तिला सगळे सुसाट म्हणायचे. चारशे मीटरच्या शेवटच्या वळणावर ती दातओठ खाऊन अशी सुटायची की बाकीच्या पोरी जागीच खिळल्यासारख्या वाटायच्या. पुढे गुडघा गेला. खेळाडूंसाठी राखीव जागेतून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली. एवढीच तिची गोष्ट. त्यात माझं नाक कुठे कापलं गेलं ते सांगतो.

शाळेची शेवटची परीक्षा आणि देशाच्या संघाची निवड एकाच आठवड्यात आली. क्रीडा वसतिगृहात खेळाडूंचा अभ्यास घेणाऱ्या बाईंनी महिनाभर उंबरे झिजवून तिच्यासाठी परीक्षेची वेगळी तारीख मिळवली. मी तिच्याच गल्लीतला कार्यकर्ता माणूस. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि त्याचाच तोरा असा की विचारू नका! तारखेचं पत्र मी बाईंच्या टेबलावर आपटलं.

"पोर देशासाठी धावते आणि तुम्ही तिला भूमिती विचारता? तशीच पास करा!"

चाळीस माणसांचा मोर्चा नेऊन शाळेच्या दारात बसलो. तिसऱ्या दिवशी पोर परीक्षेला न बसताच पास. पाठ थोपटून घेतली मी.

बाई एवढंच म्हणाल्या, "गुडघा काय कायमचा असतो का हो?"

"वाईट बोलू नका," मी ओरडलो.

नऊ वर्षांनी सुसाट घरी आली. खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा झाली तर नोकरी जाणार.

"दादा, टक्केवारी आली की घाम फुटतो मला. तुम्ही मोर्चा काढा ना. तेव्हा काढलात तसा."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं.

"मोर्चा नाही," मी म्हणालो. "चप्पल घाल."

बाई त्याच खोलीत, त्याच टेबलाशी होत्या. चष्म्यावरून त्यांनी पाहिलं. "आज एकटेच? बाकीचे चाळीस कुठेयत?"

"चुकलं माझं, बाई." माझी मान काही वर येईना. "पण हिला शिकवा."

त्यांनी तिच्यापुढे पेन्सिल सरकवली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर. आणि ओरडायचं नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला गाडीवरून आणून सोडतो आणि बाहेरच्या बाकावर बसतो. परीक्षेला सात आठवडे आहेत. काल बाईंनी आत विचारलं, "साठातले अठरा म्हणजे शेकडा किती?"

कागदावर पेन्सिल खरडली. मग सुसाट चाचरत म्हणाली, "तीस?"

मी अजून बोटंच मोजत होतो.