पाण्याचा भांग

आमच्या पनवेलात एक समुद्ररक्षक स्वयंसेवक दल होतं, हे आज सांगितलं तर लोक हसतील. हसावंच. मी त्या दलाचा चिटणीस होतो आणि मीही हसलो असतो, पण ते पुढं येईलच.

मुंबईच्या वाटेवर एक लाँच बुडाली होती आणि त्यात आपल्याकडची माणसं गेली होती. गावातल्या मोठ्या माणसांना त्याचं फार वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की ती सभा भरवत. सभेत दल निघालं. अध्यक्ष झाले मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून, ज्यांनी आयुष्यात मोरा बंदराच्या बोटीत बसताना दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले होते. बाकी सभासद म्हणजे एक वकील, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, भाताच्या गिरणीचे मालक आणि त्यांचे दोन मेहुणे. पोहता येणारा त्यांत कोण होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. खाकी अर्ध्या चड्ड्या मात्र सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात शिवून घेतल्या.

दर रविवारी वडाळे तळ्याच्या काठी कवायत व्हायची. बुडणाऱ्याला कसं धरावं याचं प्रात्यक्षिक गुडघाभर पाण्यात चालायचं. गिरणीवाल्यांचा धाकटा मेहुणा बुडायचा आणि डॉक्टर त्याला मानेला धरून बाहेर काढायचे. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका हातातलं कापड टाकून बघत बसायच्या. तुपाचे रिकामे डबे डाख देऊन बंद केले होते, ते तरंगण्यासाठी. गिरणीवाल्यांनी एक जुनी मोठी होडी दान दिली, तिला पांढरा रंग लावून दलाचं नाव इतकं मोठं लिहिलं की होडी त्यापुढं लहान दिसू लागली.

या सोंगात मी का शिरलो? अध्यक्ष शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचेही अध्यक्ष होते आणि मी त्या शाळेत तीन वर्षं हंगामी मास्तर होतो. दर उन्हाळ्यात घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा घेतात की नाही याची वाट बघायची. मला कायम व्हायचं होतं. लोकसेवा वगैरे माझ्या मनात नखभरही नव्हती.

दलात समुद्र कळणारा एकच माणूस होता, एक आगरी तांडेल. पन्नाशीचा, अंगानं काटक, जन्म होडीवर गेलेला. त्यालाही एक कागदच हवा होता. मोऱ्याच्या फेरीबोटीवर सुकाणूवाल्याची जागा निघणार होती आणि तिथं प्रतिष्ठित माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागायचा. अध्यक्षांनी त्याला सांगितलं, दलात ये, वर्षभर काम कर, दाखला देतो. तो आला. आमच्या होडीला त्यानं डांबर लावलं, वल्ही तासली, शिवणी भरल्या. वयानं माझ्या वडिलांएवढा होता, पण सगळे त्याला अरेतुरे करत आणि सगळ्यांबरोबर मीही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी साडेसहाला बंदरावरून निरोप आला की खाडीच्या तोंडाशी कौलांनी भरलेला एक मचवा जाळ्यांच्या खुंटांवर आदळून उलटला आहे आणि तीन माणसं खुंटांना धरून लोंबकळताहेत. दलाच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग. अध्यक्षांनी प्रथम हजेरी घेतली. मग दोघांना गणवेश घालून यायला परत पाठवलं, कारण ते धोतरावर आले होते. मग प्रार्थना झाली. आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा साडेसात होत आले होते आणि तांडेल केव्हाचा पाण्याशी उभा होता.

तो अध्यक्षांना म्हणाला, "सायेब, आज नवमी, भांग हाय. मोठी होडी उथळावरून जायाची नाय. बारकं होडकं घेऊन मी जातो."

अध्यक्ष दोन पावलं मागं सरकले. ते दारूबंदीचे दिवस होते आणि अध्यक्ष तालुक्याच्या दारूबंदी समितीवरही होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, की सकाळी सकाळी भांग?

"तसली नाय, सायेब. पान्याचा भांग."

"पाण्यातून घेतली म्हणतोय," अध्यक्ष वकिलांना म्हणाले. डॉक्टरांनी पुढं होऊन त्याचे डोळे पाहिले आणि लाल असल्याचं जाहीर केलं. चाळीस वर्षं खारा वारा खाल्लेल्या माणसाचे डोळे दुसरे कसे असणार? वासही येतोय, असं डॉक्टर म्हणाले. भांगेनं तोंडाला वास येत नाही एवढं त्यांनाही ठाऊक असणार, पण अध्यक्षांना वास आला म्हटल्यावर डॉक्टरांना येणं भाग होतं.

माझं आजोळ खाडीकाठच्या गव्हाणचं. अमावास्या-पुनवेला पाणी बांधावर चढतं ते उधाण, आणि अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती जेमतेम येते तो भांग, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी शेंबडा होतो तेव्हा मलाही कळत होतं. पंचांग रोज उघडणाऱ्या, एकादशी न चुकवणाऱ्या या मंडळींना तिथीचा पाण्याशी काही संबंध असतो हे माहीत नव्हतं. तांडेलानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माझं आजोळ ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी शिटीची दोरी गळ्यात नीट करत राहिलो, कारण चारचौघांत अध्यक्षांना चुकीचं ठरवणारा मास्तर जूनमध्ये कुठं असतो ते मला माहीत होतं.

त्याला तिथल्या तिथं दलातून काढलं. आम्ही सातजण होडीत बसलो, वल्ही एकमेकांवर आपटत निघालो आणि पाव मैलावर उथळात रुतलो. भरती जेवढी यायची तेवढी आली होती. मग पाणी उतरू लागलं. अध्यक्ष होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, पत्र्याचा कर्णा घेऊन उभे होते आणि चिखलाला हुकूम सोडत होते.

थोड्या वेळानं तांडेल आमच्या बाजूनं गेला. कुणाचं तरी लहानसं होडकं मागून घेतलं होतं त्यानं, एकटाच बांबूनं रेटत होता. तासाभरानं तो परतला तेव्हा होडक्यात तीन माणसं काकडत बसली होती, तिघंही जिवंत. आम्हाला काठावर न्यायला परत येऊ का, असं त्यानं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, आम्ही निरीक्षण करत आहोत. पुढं आम्ही मांड्यांपर्यंतच्या चिखलातून चालत निघालो आणि वकिलांचे बूट अजून तिथंच आहेत.

बंदरावर कुणीतरी एव्हाना हार आणले होते. ते आम्हाला घातले.

संध्याकाळी अहवाल लिहायचा होता. अध्यक्षांनी सांगितलं आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, की दलाच्या देखरेखीखाली तीन जणांचे प्राण वाचवण्यात आले आणि एका सभासदास भांगेच्या अमलाखाली आढळल्यामुळे बडतर्फ करण्यात आलं. ज्या माणसानं तिघांना वाचवलं तो प्यायलेला नव्हता, असं लिहिलं असतं तर गाढव कोण ते अहवालातच दिसलं असतं. म्हणून त्याचं प्यायलेलं असणं भागच होतं. अहवालाची एक प्रत फेरीबोटीच्या कचेरीत गेली. ती पाकिटात मीच घातली.

आठ दिवसांनी तांडेल शाळेत आला. मधली सुट्टी होती. तो वर्गाच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. जागा दुसऱ्याला गेली, असं त्यानं सांगितलं. तुम्ही गव्हाणच्या घरातले, तुम्हाला ठाऊक आहे, एक चिठ्ठी लिहून द्या, म्हणाला. फक्त भांग म्हणजे काय तेवढंच लिहा, दुसरं काही नको.

मी म्हणालो, अहवाल एकदा गेला की गेला. ते खोटं होतं. टेबलावर कागद होता, दौत होती, आणि मला ते वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"गुरुजी," तो म्हणाला, "त्या दिशी मी प्यायलो नवतो. तुमी काय प्यायला व्हतात?"

मग घंटा झाली, पोरं आत आली आणि तो गेला. जूनमध्ये मला कायम केलं.