पोर उंच झाली

बर्फाच्या रिंकवर लेकीचा सराव चालू असताना मला एका जागी बसवत नाही. बाकीच्या आया ब्लँकेट गुंडाळून कॉफी पीत बसतात, मी काचेच्या कडेने येरझाऱ्या घालते. कोच एकदा म्हणालीसुद्धा, तुला बघून मलाच दम लागतो.

माझी लेक तेरा वर्षांची आहे. फिगर स्केटिंगमधली डबल ॲक्सल ही उडी, म्हणजे हवेत अडीच गिरक्या घेऊन एका पायावर उतरायचं, गेल्या हिवाळ्यात ती सहज मारायची. ऑक्टोबरच्या स्पर्धेत ही उडी नसेल तर पुढच्या फेरीची आशा सोडूनच द्यायची. आणि नेमकी उन्हाळ्यात पोर सरासरा वाढली. पाय लांबले, उडी गेली. रोज पडायची, उठायची, परत पडायची. कोच म्हणाली, शरीर बदललंय, धीर धरा. धीर म्हणे. तो माझ्याकडे होता कधी?

त्यात आमची माणसं. इथल्या नेपरव्हिल उपनगरात गणपतीला एका मराठी घरी गेलो, तर दारातच काकू म्हणाल्या, "अगं बाई, केवढी उंच झाली ही. बाबांवर गेली." एवढ्यावर थांबतील तर ना. आपल्या कॉलेजातल्या मुलीला बोलावून दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं, वर हात ठेवून मापही घेतलं. सगळे कौतुकाने बघत होते. लेक गुडघे किंचित वाकवून उभी होती, ते फक्त मला दिसलं. मला काकूंचा असा राग आला की मोदकसुद्धा गोड लागेना. त्यांचं काय चुकलं होतं? पोरं वाढावीत म्हणूनच तर आपण घास घेऊन त्यांच्या मागे धावतो. आणि मी गणपतीसमोर हात जोडून मनात म्हणत होते, पुरे आता, हिला थांबव. लाज वाटली, पण मागणं मागे घेतलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तिची वर्षाची तपासणी होती. डॉक्टरबाईंनी उंची मोजली आणि हसून सांगितलं, छान वाढतेय, अजून बरीच वाढेल.

"अजून किती?" मी विचारलं. वाईट रिपोर्ट ऐकल्यासारखा आवाज निघाला माझा. डॉक्टरबाई गोंधळल्या. लेकीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

गाडीत बसल्यावर मी किल्लीसाठी पर्स उचकत होते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सॉरी, आई. आय रिअली ट्राइड नॉट टू ग्रो. मी स्कूलमध्ये डबा खातच नव्हते, गार्बेजमध्ये टाकत होते."

डबा रोज रिकामा यायचा, आणि मी रोज खूश व्हायचे.