यमुताईंनी वगळलेली गोळी

नागपुरात मे महिन्यात एखाद्या बाईने अंगातून वाफा निघतात म्हणून सांगितले, तर कुणी मान वर करूनही पाहत नाही. सगळ्यांच्याच निघतात. यमुताईंचे नवरे गिरिधरराव नुसते "ऊन आहे" म्हणाले. पण वाफा डिसेंबरातही थांबेनात. घर रजयांत गुरफटलेले आणि यमुताई पंखा लावून बसलेल्या. तेव्हा गिरिधररावांनी स्वतःसाठी दुसरी रजई काढली.

यमुताई सदर भागातल्या एका विमा कचेरीत रेकॉर्ड सांभाळत. वय त्रेपन्न, पाळी बंद होऊन दोन वर्षे झालेली. फायलीतला अनावश्यक कागद काढून टाकण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. शेवटी जानेवारीत सून भैरवीने त्यांना डॉक्टर अस्मितांकडे नेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, स्तनांची तपासणी करवली, घरात कुणाला कर्करोग होता का, कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती का, असे खोदून खोदून विचारले. मग दंडाला चोळायचे इस्ट्रोजेनचे जेल आणि रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची गोळी लिहून दिली. गर्भाशय जागेवर आहे, तेव्हा दोन्ही बरोबरच घ्यायचे, हे त्यांनी दोनदा सांगितले. तीन महिन्यांनी दाखवायला बोलावले.

जेलने महिन्याभरात गुण आला. यमुताई रात्रभर झोपू लागल्या. गोळी मात्र कशाची, हे त्यांनी औषधवाल्याला विचारले. तो म्हणाला, महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायला बायका नेतात ना, त्याच घराण्यातली. झाले. इथे तर पुढे ढकलायला पाळीच नव्हती. अनावश्यक कागद. तीन महिन्यांच्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या, आणि गुण आलाय तर पुन्हा दाखवायचे कशाला, म्हणून यमुताईही गेल्या नाहीत. जेल तेवढे संपले की आणत.

भाद्रपदात डबा उघडला. शेजारची गोपिका आणि आणखी एक बाई पाळी पुढे ढकलायला पट्ट्या घेऊन गेल्या. गोळी घराण्यातली असली, तरी त्या कामाची नव्हती; दोघींची पाळी ठरल्या दिवशीच आली आणि दोघींनी नशिबाला दोष दिला.

तिसऱ्या यमुताई. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, सोळा भाज्या चिरायला घेतल्या आणि त्यांनाही रक्त दिसले. त्या गुपचूप स्वयंपाकघरातून उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. गोपिकेने दारातूनच तारुण्य परत आल्याबद्दल अभिनंदन केले. खोटे कशाला सांगा, यमुताईंना किंचित बरेही वाटले. भैरवी आंबिलीने भरलेला हात तसाच घेऊन बाहेर आली.

"आई, बंद झाल्यावर रक्त आलं, तर ते पाळी नसते. उद्याच डॉक्टरकडे जायचं आपल्याले."

सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर जाड निघाले. तुकडा तपासायला गेला. डॉक्टरांनी समजावले, एकटे इस्ट्रोजेन ते अस्तर वाढवत नेते, त्याला आवर घालायलाच ती गोळी असते, आणि आवर नसला तर गोष्ट कर्करोगापर्यंत जाऊ शकते. पुढचे आठ दिवस यमुताईंनी एकही फाइल उघडली नाही. त्या घाबरल्या होत्या, आणि त्याहून जास्त त्यांना स्वतःचा राग आला होता. गिरिधरराव रोज संध्याकाळी "जेवली का?" विचारत आणि उत्तर मिळो न मिळो, शेजारी बसून राहत.

रिपोर्टात कर्करोग नव्हता. अस्तराची वाढ होती. जेल बंद झाले, गोळी सहा महिने रोज, मग पुन्हा तपासणी. ती चांगली आली. तोवर वाफांनी परत जीव नकोसा केला होता, तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही औषधे नव्याने सुरू केली, कमी मात्रेत आणि दरवर्षी तपासणीच्या अटीवर. मध्ये रक्त दिसले तर लगेच यायचे.

पुढच्या भाद्रपदात गोपिका पुन्हा डब्यासाठी आली. यमुताई ज्येष्ठेला साडी नेसवत होत्या. डबा मिळणार नाही, पाळी ढकलायची तर डॉक्टरला विचारायचे, असे त्यांनी निऱ्या घालता घालता सांगितले.

"काहून वं ताई? तुमाले त्या गोळीचं काम काय?"

"एकटी ज्येष्ठा मांडली का वं आपण कधी?"

यमुताईंनी कनिष्ठेचा मुखवटा गोपिकेच्या हातात दिला आणि जागेवर बसवायला सांगितला.