बाईंचं हाव

बिलोलीच्या शाळेत तारामतीबाई एकवीस वर्षं गणित शिकवतात आणि 'हो'ला 'हाव' म्हणतात. यंदा त्यांच्या वर्गात ऐकू न येणारी सुकन्या आली. बाई बोलतील ते तिच्या टॅबवर लिहून येतं. पण टॅबला आमची बोली कुठली कळायला? तो 'हाव'चं 'हवा' करायचा आणि सुकन्या उठून पंखा लावायची. डिसेंबरात पोरं कुडकुडायला लागली, तेव्हा कुठे बाईंनी टॅबमध्ये डोकावून पाहिलं. मग त्या जीभ वळवून 'होय' म्हणू लागल्या.

दोनच दिवसांनी सुकन्यानं वहीत लिहून दाखवलं, "बाई, 'होय' म्हणताना तुमचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो. पहिल्यासारखं बोलाल का?"

बाईंनी शाल घट्ट गुंडाळली आणि त्या म्हणाल्या, "हाव."

सुकन्या हसत पंख्याच्या बटणाकडे निघाली.